जागल, उधारी आणि गुलाबी बोंडअळी: यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावाचे आहे. गावाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. जमीन काळी, मध्यम ते भारी; मुख्य पीक कापूस, त्यात तुरीच्या ओळी. ओलिताची सोय मोजक्या विहीरवाल्यांकडेच होती, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, जरी सुरुवातीला आम्ही तिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक ठरणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले. त्यानंतरची काही वर्षे विदर्भातील शेतकऱ्याने बोंडअळीसाठी पंप हातात घेतलाच नाही, असे म्हटले तरी चालेल. गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडल्याचे गुजरातेत 2009-10 च्या सुमारास दिसले, पुढे दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली, आणि 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. पऱ्हाटी (कापसाची झाडे) डोक्याच्या वर गेलेली, ओळी दाट, आणि फवारा तोंडाच्या उंचीवर मारावा लागत होता. आमच्या गावातील एक तरुण मजूरही तेव्हा काही दिवस रुग्णालयात होता.

आमच्या छोट्या चमूने 2018 च्या एप्रिलमध्ये या गावात काम सुरू केले. कमी विषारी आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या कीडनियंत्रणाच्या पद्धती गावाने स्वीकाराव्यात, हा हेतू होता. कामगंध सापळे (गंधाने पतंग ओढणारे), निंबोळी अर्क, ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या परोपजीवी कीटकांचे कार्ड), आर्थिक नुकसानीची पातळी (फवारणीचा खर्च परवडेल इतके नुकसान) पाहूनच फवारणी आणि डिसेंबरअखेर कापूस मोडणे, असा हा सर्वांच्या परिचयाचा संच होता.

प्रश्न नेमका कोणता होता

पहिल्या बैठकीला बावीस शेतकरी आले. आम्ही विचारले की गुलाबी बोंडअळीसाठी काय करावे, आणि उत्तरे धडाधड आली. एकरी दोन सापळे लावावेत, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नये. मागे बसलेले एक वयस्क शेतकरी थोडे हसून म्हणाले, "साहेब, हे सगळं आम्हाले रेडिओवर पाठ झालं हाये."

म्हणजे माहितीचा अभाव हा या गावाचा प्रश्न नव्हता. माहिती होती, ती बरीचशी अचूक होती, आणि तरीही 2017 मध्ये त्यातील जवळजवळ काहीही कोणी केले नव्हते. बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा मिळणारी बिगर-बीटी सरकीची 120 ग्रॅमची छोटी पुडी, जी अळी बीटीला लवकर सरावू नये म्हणून शेताच्या कडेने पेरायची असे, ती बहुतेकांनी फेकून दिली होती. त्यामागेही साधा हिशेब होता: तेवढ्या ओळींवर हमखास अळी पडणार, मग ती मुद्दाम का पेरायची?

ही कीड इतर अळ्यांसारखी नाही. हिरव्या बोंडअळीचे नुकसान पानावर, पातीवर (फुलकळीवर) उघड दिसते. गुलाबी अळी अंड्यातून बाहेर पडताच फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्यावर छिद्र बुजते, आणि मग बाहेरून मारलेले कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बोंड वरून हिरवेगार, टवटवीत. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटवून अळी निवांत बसलेली. त्यामुळे शेतकऱ्याला नुकसान कळते ते वेचणीच्या वेळी, आणि फवारणी करावीशी वाटते तीही तेव्हाच, म्हणजे तिचा उपयोग संपल्यावर.

विचारात घेतलेले पर्याय

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. संपूर्ण संच सर्व शेतकऱ्यांना द्यायचा, ही पहिली. बाकी सारे बाजूला ठेवून केवळ फरदडबंदीवर गावाचे एकमत घडवायचे, ही दुसरी; कारण ही अळी मुख्यतः कापसावरच जगते, आणि डिसेंबरनंतर शेतात हिरवे बोंडच उरले नाही तर तिची साखळी तुटते. तिसरी वाट म्हणजे तीन-चार होतकरू शेतकऱ्यांना रासायनिक औषधांपासून पूर्ण दूर नेऊन त्यांचे शेत इतरांना दाखवायचे.

तिसरी वाट आम्ही लवकर सोडली. पतंग उडतो, एकट्याचे शेत स्वच्छ राहून भागत नाही, आणि शेजारचा फरदडवाला असला तर प्रात्यक्षिकाचे शेत फसते व पद्धतीची बदनामी होते. दुसरी वाट शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बळकट होती. तरीही आम्ही पहिली निवडली. त्याचे एक कारण असे की फरदड सोडायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याला हातचे पैसे सोडायला सांगणे, आणि पहिल्याच वर्षी ते तोंडावर बोलण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. दुसरे कारण जास्त ओशाळवाणे आहे: सापळे एका योजनेतून मोफत मिळत होते, आणि जे वाटता येते ते आधी वाटावे, ही सवय आमच्या क्षेत्रात खोल रुजलेली आहे.

पहिला हंगाम, 2018

सापळे जुलैत लागले. ऑगस्टच्या शेवटी पाती-फुलांच्या अवस्थेत त्यांत पतंग दिसू लागले, आणि आम्ही कल्पना केली नव्हती ते घडले. सापळ्यात तीन पतंग दिसताच दोन शेतकरी कृषी केंद्रावर जाऊन औषध घेऊन आले. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करावा, हे आम्ही सांगितले होते. पण आजवर ज्याने पतंग कधी पाहिलाच नव्हता त्याला तीन पतंग म्हणजे संकटच. ज्या साधनाने फवारणी कमी व्हायची, त्याने काही शेतांत ती वाढवली. कोणी असेही म्हणू लागले की सापळा शेजारच्या शेतातले पतंग आपल्याकडे ओढून आणतो.

त्याच आठवड्यात एका तरुण शेतकऱ्याने सापळ्याची पिशवी उघडून दाखवत विचारले, "साहेब, हे तं सगळे नर झाले. मादीचं काय?" प्रश्न बिनतोड होता. सापळ्यातील गंध मादीचा असतो, त्याला भुलून नरच येतात, आणि एकरी दोन सापळे हे कीड पकडण्यासाठी नसून तिच्यावर नजर ठेवण्यासाठी असतात. पकडण्यासाठी लावायचे तर संख्या कितीतरी जास्त लागते. हा फरक आम्ही बैठकीत एका वाक्यात उरकला होता. ज्याला सापळा हे 'औषध' म्हणून दिले गेले, त्याने तो औषधाच्या कसोटीवर तपासला आणि नापास केला, यात त्याची चूक नव्हती.

ट्रायकोकार्डांचा अनुभव त्याहून वाईट होता. त्या कार्डावर परोपजीवी कीटकांनी ग्रासलेली अंडी चिकटवलेली असतात. पट्ट्या कापून पानाखाली टाचायच्या, आणि तीही कीटक बाहेर पडण्यापूर्वी. आमचे पार्सल एसटीने यायचे होते, ते दोन दिवस वाटेत अडकले. पाकीट उघडले तेव्हा मुंगीहूनही बारीक ठिपके कागदावर फिरत होते आणि बरेचसे मरून तळाला साचले होते. एका काकांनी ते पाकीट हातावर उलटे केले, बोटाने चाचपले आणि काही न बोलता परत दिले. त्या शेतकऱ्याकडे आम्ही ट्रायकोकार्डाचा विषय पुन्हा काढला नाही.

निंबोळी अर्काची अडचण वेगळीच. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करणे अवघड नाही. पण निंबोळ्या पडतात जून-जुलैत, म्हणजे पेरणी, खाडे भरणे आणि पहिल्या डवरणीच्या गर्दीत. त्या वेळी घरातली एकही बाई मोकळी नसते. सप्टेंबरमध्ये अर्क लागतो तेव्हा घरात निंबोळी नसते.

यापलीकडचे खरे गणित कृषी केंद्राच्या फळीवर मांडलेले होते. गावातील बहुतेकांचे बियाणे, खत आणि औषध तालुक्याच्या एका दुकानातून उधारीवर येते आणि कापूस विकला की खाते मिटते. बँकेचे पीककर्ज थकलेले असले की हे खाते हाच एकमेव आधार. जो जूनमध्ये बियाणे उधार घेतो, त्याने सप्टेंबरमध्ये औषध घेतलेच नाही तर पुढच्या जूनमध्ये दुकानदाराचा चेहरा कसा असेल, हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यात बोंड खराब झाल्याचे पाहून दुकानात गेलेल्या माणसाला तिथे निदान, उपाय आणि उधारी तिन्ही एकाच खिडकीवर, पाच मिनिटांत मिळतात. आमची शेतीशाळा पंधरा दिवसांतून एकदा, मंगळवारी. दुकानदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण अडल्या वेळी तारणाशिवाय पैसे सोडणारा तोच होता.

विषबाधेच्या भीतीने फवारणी कमी होईल, अशीही आमची अटकळ होती. भीती होती, खोटी नव्हती. मात्र तिचा परिणाम असा झाला की काही शेतमालकांनी स्वतः पंप पाठीवर घेणे बंद केले आणि बाहेरचे मजूर लावले. मजुरी पंपामागे ठरलेली. जितके पंप जास्त तितका रोज जास्त. म्हणजे फवारणी तेवढीच राहिली, विष फक्त दुसऱ्याच्या अंगावर गेले. फवारणी करणारा हा माणूस आमच्या एकाही बैठकीला आला नव्हता, कारण तो जमीनधारक नव्हता आणि आम्ही यादी सातबाऱ्यावरून केली होती.

दसऱ्यानंतरचा एक प्रसंग इथे नोंदवतो. आम्ही बांधावर बसून यादृच्छिक तोडलेली वीस हिरवी बोंडे फोडत होतो. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर नुकसानीची पातळी ओलांडली असे समजतात. शेजारच्या ओळीत वेचणी चालू होती. एक मावशी ओट्यातला कापूस गाठोड्यात टाकताना थांबल्या, आमच्या हातातले बोंड पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही कायले फोडता? खालच्या धुऱ्याकडं कवडी निघून राह्यली, वरतं नाही. अळी तिकडंच हाये." आम्ही खालच्या धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, बोंडे तोडली. वीसपैकी पाच. वरच्या भागात एकही नाही. वेचणाऱ्या बायांना कवडी, म्हणजे डागी, चिकटलेला कापूस, वेगळी काढावी लागते, त्यात वेळ जातो आणि किलोमागे मिळणारी मजुरी बुडते. त्यामुळे कोणत्या शेतात, कोणत्या कोपऱ्यात आणि केव्हा अळी लागली याची गावातील सर्वांत नेमकी माहिती त्यांच्याकडे होती. ती त्यांना कोणी विचारली नव्हती.

डिसेंबरचा निर्णय

नोव्हेंबरअखेर आमच्या लक्षात आले की संच वाटण्यात हंगाम गेला आणि मूळ प्रश्न तसाच आहे. मग आम्ही शेतकऱ्यांची यादी समोर घेतली आणि फरदड खरोखर घेतो कोण, एवढेच पाहिले. उत्तर अगदी लहान निघाले. 2018 चा पाऊस लवकर उघडला होता. कोरडवाहू पऱ्हाटी डिसेंबरपर्यंत आपोआप वाळत होती. कापूस पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत नेण्याची ऐपत असलेली घरे गावात फक्त चार. अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत घर देणारी शेतेही तीच. बावीस जणांवर सारखी वाटलेली मेहनत या चार घरांवर आधीच करायला हवी होती.

आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा हरभऱ्याचा हिशेब कागदावर घेऊन गेलो होतो. कागद त्यांनी वाचला, आकडे मान्य केले, आणि एकाने सांगितले, "हरभरा पेरीन, पण जागल कोण करन?" रोही (नीलगायी) आणि रानडुकरे हा त्या शिवारातील सर्वांत मोठा विषय आहे. उभ्या कापसात डुकरे फारशी नासधूस करत नाहीत; हरभरा किंवा भुईमूग असला की एका रात्रीत वावर नांगरल्यासारखे होते. चार एकर हरभऱ्यासाठी दोन-अडीच महिने थंडीत मचाणावर रात्र काढायची, आणि शेजारी सगळीकडे पऱ्हाटी, म्हणजे शिवारातील सगळी जनावरे आपल्याच वावरात. फरदडीचा कापूस कवडी निघत असला, त्याला भाव कमी मिळत असला, तरी त्यासाठी रात्री जागावे लागत नाही. कीडनियंत्रणाच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत आम्ही रानडुकराचा उल्लेख पाहिला नव्हता.

इथे निर्णयाचा खरा टप्पा आला. एक विचार असा होता की सौर कुंपणासाठी एखाद्या योजनेकडे अर्ज करावा. पण त्यात तो हंगाम हातून गेला असता. दुसरा विचार शेतकऱ्यांनीच मांडला. चारपैकी तिघांची शेते एकाच नाल्याच्या काठी लागून होती. तिघांनी एकाच वेळी कापूस मोडला, तर हरभऱ्याचा सलग पट्टा होईल आणि जागलीची पाळी तिसऱ्या रात्री येईल. अडचण वेळेची होती: डिसेंबरचा पहिला आठवडा उलटून गेल्यावर ओलिताच्या हरभऱ्यालाही उशीरच होतो, त्यामुळे शेवटच्या वेचणीचा काही कापूस सोडावा लागणार होता. दोघे तयार झाले, तिसरा दोन दिवस अडून बसला आणि मग, त्याच्याच शब्दांत, "दोघं जागून राह्यले तं मले झोप थोडीच येणार" म्हणून आला. चौथ्याचे शेत गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे होते. त्याने फरदड ठेवली. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही ठेवली असती.

पऱ्हाट्यांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा सुटला. उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीसाठी घराशेजारी रचून ठेवतात आणि त्यांवरील न उमललेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते. जाळून टाका, असे सांगितले की बायका ऐकून घेत आणि रचत राहत, कारण जळण म्हणून पऱ्हाटीला पर्याय नव्हता. दरवर्षी या शिवारातून जाणाऱ्या मेंढपाळांना त्या वर्षी मोडणीआधीच बोलावले. मेंढ्यांनी दोन-तीन दिवसांत बोंडे आणि पाला साफ केला, नंतर काड्या निर्धास्तपणे रचता आल्या, आणि वावराला लेंडीखतही मिळाले.

दुसरा हंगाम, 2019

दुसऱ्या वर्षी आम्ही बदलले ते आमचेच वागणे. सापळे कमी ठिकाणी, पण प्रत्येकाची नोंद ठेवणारा एक माणूस ठरलेला, आणि आकडा रोज संध्याकाळी गावातील पारावरच्या फळ्यावर. एकट्याने पाहिलेले चार पतंग भीतिदायक असतात. दहा शेतांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिलेले दिसले की चार म्हणजे काहीच नाही, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ट्रायकोकार्ड आम्ही सोडून दिले. निंबोळी अर्काऐवजी दुकानात मिळणारे तयार कडुनिंबाचे औषध दुकानदाराने त्याच उधारीच्या खात्यावर द्यावे, अशी विनंती केली. त्याला नफ्यात तोटा नव्हता. माल पडून राहिला तर काय, एवढीच शंका होती. गावाने मिळून किती बाटल्या लागतील याची यादी आधी दिली, तेव्हा तो तयार झाला.

बोंडे फोडून पाहण्याच्या कामात वेचणाऱ्या बायांना मजुरी देऊन घेतले. खर्च थोडा, उपयोग मोठा.

त्या वर्षीच्या पावसाने मात्र परीक्षा पाहिली. ऑक्टोबर संपून नोव्हेंबर उजाडला तरी पाऊस थांबेना. बोंडे सडली, फुटलेला कापूस ओला झाला, आणि जमिनीत ओल राहिल्याने कोरडवाहू पऱ्हाटीलाही पुन्हा पाती धरली. पहिल्या वेचणीत मार खाल्लेल्या माणसाला डिसेंबरमध्ये कापूस मोडा म्हणून सांगणे अवघड होते. नाल्याकाठच्या तिघांनी हरभरा पेरला. आदल्या वर्षी ज्यांच्याकडे फरदड नव्हतीच, अशा सात-आठ कोरडवाहू शेतकऱ्यांनी मात्र या वर्षी जानेवारीअखेरपर्यंत कापूस ठेवला.

निष्पत्ती

बावीसपैकी तेरा शेतकऱ्यांनी दुसऱ्या वर्षी फवारण्या कमी केल्या, सात-आठवरून चार-पाचपर्यंत. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची सवय बरीच मोडली. गुलाबी अळीचा उपद्रव 2017 च्या तुलनेत दोन्ही वर्षी कमी राहिला, परंतु त्याचे श्रेय आम्ही घेऊ शकत नाही. 2018 मध्ये कमी पावसामुळे कापूस लवकर आटोपला आणि राज्यभर फरदडविरोधी मोहीमही चालू होती. जिथे आम्ही नव्हतो तिथेही कीड घटली. आमच्या कामाचा खात्रीने दाखवता येणारा परिणाम फक्त फवारणीच्या संख्येत आणि नाल्याकाठच्या त्या सलग पट्ट्यात आहे.

आम्ही गाव सोडल्यानंतर पारावरचा फळा एक हंगाम चालला. नोंद ठेवणारा मुलगा पुण्याला कामाला गेला आणि फळ्यावर लग्नपत्रिका चिकटू लागल्या. कडुनिंबाचे औषध दुकानदार अजून ठेवतो. हरभऱ्याचा पट्टा टिकला, इतकेच नव्हे तर शेजारचे आणखी दोघे बोअर घेतल्यावर त्यात आले. अर्थात ते बोंडअळीसाठी आले नाहीत, जागलीची पाळी पाचव्या रात्री येते म्हणून आले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या बैठकीत उत्तरे पाठ असल्याचे दिसले, त्याच दिवशी 'काय करावे' हा प्रश्न सोडून 'मागच्या वर्षी कोणत्या दिवशी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या पैशातून औषध आणले' हे एकेकाला विचारायला हवे होते. त्यातून उधारीचे खाते, पंपामागची मजुरी आणि चार विहीरवाले हे तिन्ही पहिल्या आठवड्यातच पुढे आले असते. ते कळायला आम्हाला सात महिने लागले.

सापळे मोफत दिले नसते तर कमी लागले असते, पण ज्यांनी लावले त्यांनी गंधगोळी वेळेवर बदलली असती. मोफत सापळ्यांपैकी कितीतरी सापळ्यांतली गोळी महिना उलटल्यावरही तीच होती. सापळा रिकामा दिसतो म्हणून शेतकरी निश्चिंत, आणि प्रत्यक्षात गंधच उडून गेलेला. हे आमच्या नोंदींतही सुरुवातीला 'पतंग शून्य' असेच गेले. त्या नोंदी नंतर आम्हाला बाद कराव्या लागल्या.

दुकानदाराला पहिल्या वर्षीच सोबत घेण्याबाबत आमच्यात मतभेद होते आणि आजही आहेत. चमूतील एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की जो औषध विकतो त्याच्याच हातून कमी औषधाचा सल्ला जाणे फार काळ टिकत नाही. पहिल्या मोठ्या प्रादुर्भावात तो जुन्या बाटल्यांकडे वळेल. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे: उधारीची दुसरी सोय उभी केल्याशिवाय दुकानाला वळसा घालताच येत नाही.

फवारणी करणाऱ्या मजुरांना मात्र दोन्ही वर्षी आम्ही बाहेरच ठेवले. पंपाऐवजी दिवसावर मजुरी ठरवण्याचा विषय एकदा निघाला होता. शेतमालकांनी मान डोलावली आणि तो तिथेच राहिला. 2017 मध्ये रुग्णालयात गेलेला तो तरुण 2019 च्या सप्टेंबरमध्ये आम्हाला धुऱ्यावर भेटला. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायांत चप्पल. आज कितवा पंप, असे विचारले तेव्हा त्याने दोन बोटे आणि मग पूर्ण पंजा दाखवला, आणि ओळीत शिरला.